सातवा प्लॉट

पार्सन्स गावाच्या वर, जिथे डांबर संपतं
आणि डेलबर्ट हिंकल आपल्या पिकअपची टपावर थाप मारून समजूत काढतो,
तिथून वीस मिनिटं चढ.
सातवा प्लॉट. चारही कोपऱ्यांना निळी रिबन.
आत मेपल, ओक, वाकलेले दोन बर्च
आणि तेवीस वर्षं, दर एप्रिलला,
पाठीवरच्या पंपातून फवारलेलं खत.

आई फोनवर विचारते,
"जंगलाला युरिया घालायचा पगार देतात तुला?"
ती तासगावात खताच्या दुकानात हिशेब लिहायची,
पोत्यांचे भाव अजून तोंडपाठ.
युरिया नाही गं, मी म्हणते.
धुराड्यांचा, गाड्यांचा, कोंबड्यांच्या शेडचा नायट्रोजन
पावसातून इथे पडतोच आहे.
आम्ही जरा जास्त घालून पुढचं पान आधी वाचतो.
"मग झाडं वाढली असतील की जोमानं."
वाढली.
पहिली काही वर्षं.

खाली, बोटभर मातीत, एक जुना शेजार होता.
ओक मुळांतून वाटीभर साखर द्यायचा,
बुरशी कुठून कुठून वेचून
चिमूटभर नायट्रोजन आणायची.
वाटी कधी रिकामी परत गेली नाही.
आता तोच दारात ओतलेला. वाटी पाठवतंय कोण?
सूक्ष्मदर्शकाखाली मुळांची टोकं दिसतात,
थंडीत हातमोजे हरवलेल्या बोटांसारखी.

झाडांना न पेलवलेला नायट्रेट
खालच्या ओहोळात निघून जातो.
जाताना कॅल्शियम नेतो, मॅग्नेशियम नेतो,
भाडेकरूनं दारं-खिडक्या काढून न्याव्यात तसं.
मागे उरतं ते आंबट.
मेपलच्या शेंड्याकडे डेलबर्ट टोपी मागे सारून बघतो,
"आभाळ जास्त दिसतंय," एवढंच म्हणतो.

आज पुरचुंड्या उघडायचा दिवस.
नायलॉनच्या जाळीत शिवलेली ओकची पानं,
सहा वर्षांपूर्वी मांडून ठेवलेली.
चिठ्ठीवर रोवेनाचं अक्षर. डेलबर्टची बायको.
हिवाळाभर चर्चच्या तळघरात बसून ती या शिवायची,
तासाला नऊ डॉलर, टाका मात्र लग्नातल्या रजईचा.
ती गेली त्यालाही आता चार वर्षं.

बिनखताच्या प्लॉटातली पुरचुंडी:
काळी भुकटी, एक गोगलगाय, शंखासकट.
गोगलगाय बाजूला ठेवून, शून्य पूर्णांक आठ ग्रॅम.

सातव्यातली:
पान.
तपकिरी, कडक, शिरा मोजून घ्याव्यात इतकं शाबूत.
चार पूर्णांक सहा.
ज्यांनी हे फोडायचं, त्या बुरशा
कधीच काम सोडून गेल्यात.
वास घेतला. कशाचाच नाही.

डेलबर्टनं पान तळहातावर घेतलं.
काहीतरी विचारणार होता.
मग चष्मा पुसत बसला, बराच वेळ.

रात्री आईला सांगितलं: पैसे संपले,
येत्या एप्रिलपासून फवारणी बंद,
मोजणी तेवढी चालू राहील.
"म्हणजे पहिल्यासारखं होईल का गं?"
ठाऊक नाही. तेच मोजायचंय.
"अति तिथे माती," ती म्हणाली.
नाही गं, इथे अति झालं
आणि माती व्हायचीच राहून गेली.
ती थोडा वेळ गप्प. मग,
"आमच्या दुकानातून किती पोती गेली असतील,"
असं स्वतःशीच काहीतरी.

सकाळी नमुने दळायचे. यंत्राला भावना चालत नाहीत,
कार्बनचा आकडा हवा असतो.
मी सातव्यातलं पान घेतलं, देठ कात्रीनं वेगळा केला,
पाकिटात घालून पिकअपच्या काचेला,
वायपरखाली खोवून आले.

वहीत लिहिलं:
प्लॉट सात. देठ एक, शून्य पूर्णांक एक ग्रॅम,
नमुन्यातून वजा.
कारणाच्या रकान्यात
पेन बराच वेळ टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका पडला.
तो तसाच ठेवला.